पाणी घातलं की प्रिझर्वेटिव्ह आलंच: घरगुती लोशन आणि त्याचं खरं लेबल

लाकडी घाण्याचं करडईचं तेल, परसातली कोरफड, वसमतची हळद आणि वर थोडं गुलाबपाणी. थंडीच्या दिवसांत मराठवाड्यात बचत गटांच्या स्टॉलवर जी लोशनं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच लोशनांचं सामान एवढंच असतं. बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'केमिकलमुक्त, प्रिझर्वेटिव्ह-फ्री'. सामान चांगलं असतं, बनवणाऱ्या बायांचा हेतूही चांगला असतो. घोळ त्या छापलेल्या शब्दांत आहे. लोशनमध्ये पाणी असेल आणि प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा घटक, खरोखरच नसेल, तर त्यात जंतू वाढायला काही दिवस पुरतात. आणि प्रिझर्वेटिव्ह आहे पण लेबलवर नाही, तर लेबल खोटं आहे. हे दोन्ही टाळायला मोठा कारखाना लागत नाही. अचूक वजनकाटा, थर्मामीटर, पीएचच्या (म्हणजे आम्लता मोजायच्या) पट्ट्या आणि लिहून ठेवायची सवय लागते.

जंतूंना लागतं ते पाणी

लोशन म्हणजे तेल आणि पाणी यांना इमल्सिफायरने धरून ठेवलेलं मिश्रण. पातळ लोशनमध्ये वजनाने 70 ते 80 टक्के पाणी असतं. जंतू तेलात वाढत नाहीत, ते पाण्याच्या भागात वाढतात. म्हणून निव्वळ खोबरेल वर्षभर टिकतं, पण त्याच खोबरेलाचं लोशन केलं की हिशोब बदलतो.

पाणी म्हणून पाणीच घातलेलं असावं लागतं असंही नाही. कोरफडीचा गर 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतो. गुलाबपाणी, काकडीचा रस, तांदळाचं पाणी, दूध, हे सगळं त्याच खात्यात जातं, आणि यातल्या बहुतेकांत पाण्याबरोबर जंतूंना लागणारी साखर आणि प्रथिनंही येतात. मधाबद्दल नेहमी सांगितलं जातं की तो कधी खराब होत नाही. शुद्ध मधाबद्दल ते खरं आहे, कारण त्यात पाणी 18 टक्क्यांच्या आसपास असतं आणि तेही साखरेने बांधलेलं. तोच मध चमचाभर लोशनमध्ये गेला की विरळ होतो आणि जंतूंचं अन्न बनतो. हळदीची पूड, मुलतानी माती, वाळवून दळलेल्या पाकळ्या यांत मातीतले जिवाणू बीजाणूंच्या रूपात झोपलेले असतात. कोरड्या पुडीत ते निपचित राहतात, ओलावा मिळाला की जागे होतात. पाणी उकळल्याने हे बीजाणू मरतीलच असं नाही.

बिघडलेल्या लोशनमध्ये सापडणारी मुख्य मंडळी ठरलेली आहेत: नळ, पाइप आणि टाकीतून येणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा, हातावरून येणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट आणि अ‍ॅस्परजिलससारख्या बुरश्या. त्यात स्यूडोमोनास फार चिवट. तो डिस्टिल्ड वॉटरमध्येसुद्धा वाढू शकतो. लोशनचा वास बदलला, ते फाटलं, बाटली फुगली, झाकणाखाली काळे ठिपके आले, तर आपण फेकून देतो. पण या खुणा फार उशिरा दिसतात. एका ग्रॅममध्ये लाखो जिवाणू असतानाही लोशन पांढरंशुभ्र आणि सुवासिक असू शकतं. सौंदर्यप्रसाधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 17516 मध्ये, मर्यादा आहे एका ग्रॅमला 1000 जंतू. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी किंवा डोळ्यांभोवती लावायच्या वस्तूंसाठी ती फक्त 100 आहे. ही मर्यादा डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही.

धडधाकट माणसाच्या अखंड कातडीला अशा लोशनने बहुतेक वेळा काही होत नाही, आणि म्हणूनच 'आम्ही इतकी वर्षं वापरतो, काही झालं नाही' हे वाक्य ऐकू येतं. पण आपल्याकडे थंडीत लोशन लावलं जातं ते फुटलेल्या टाचांना, भेगाळलेल्या हातांना, तान्ह्या बाळाला. मधुमेह असलेल्या माणसाच्या टाचेच्या भेगेत स्यूडोमोनास गेला, तर ती जखम चिघळू शकते.

बोअरचं, टँकरचं की जारचं?

मराठवाड्यात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. साबणासारख्या इमल्सिफायरला ते फाडतात, आणि लोशन दोन दिवसांत वर-खाली वेगळं होतं. उकळल्याने थोडा क्षार भांड्याच्या तळाला बसतो, सगळा जात नाही. टँकरच्या पाण्याचा भरवसा टाकी किती स्वच्छ यावर. जारचं पाणी आरओचं असतं, म्हणजे क्षार कमी, पण जार धुतला कसा, किती दिवस उघडा राहिला हे कळत नाही, आणि क्लोरीन निघून गेलेल्या पाण्यात जंतू आणखी सहज वाढतात. बॅटरीत घालायचं पाणी क्षाररहित असतं, पण ते त्वचेसाठी बनवलेलं आणि तपासलेलं नसतं. ते वापरू नये.

मेडिकल दुकानात किंवा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडे सीलबंद डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते घ्यावं. कॅन उघडल्यावर त्याच दिवशी लोशनचे जेवढे घाणे (बॅच) काढायचे तेवढे काढावेत आणि उरलेलं पाणी पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नये.

पाण्याबरोबर 0.1 टक्का डायसोडियम ईडीटीए घालण्याची सवय लावून घ्यावी. ते उरलेसुरले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह पकडून ठेवतं. त्याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. स्यूडोमोनासचं बाहेरचं आवरण कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आधाराने घट्ट राहतं. ईडीटीए तो आधार काढून घेतं आणि प्रिझर्वेटिव्हला आत शिरायला वाट मिळते. ईडीटीए एकटं लोशन टिकवत नाही, पण त्याच्या सोबतीने प्रिझर्वेटिव्ह चांगलं काम करतं.

प्रिझर्वेटिव्ह समजून घातल्या जाणाऱ्या गोष्टी

व्हिटॅमिन ई सगळ्यांत आधी. ते तेलाला खवट होऊ देत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी तेलाची होणारी क्रिया मंदावतं. म्हणजे ते अँटिऑक्सिडंट आहे. जंतूंना ते अडवत नाही. करडईच्या तेलाला मात्र त्याची खरी गरज असते, कारण पारंपरिक करडईत लिनोलेइक आम्ल 70 टक्क्यांच्या वर असतं आणि असं तेल आपल्या उन्हाळ्यात लवकर खवटतं. 0.3 टक्के व्हिटॅमिन ई घालावं, आणि त्याचं काम तेलापुरतं आहे हे लक्षात ठेवावं. रोझमेरी अर्काचंही तेच.

टी ट्री, लवंग, कडुनिंब, कापूर, हळद यांत जंतुनाशक गुण आहेत, हे खोटं नाही. अडचण मात्रेची आहे. जंतू खरोखर थांबतील इतकं लवंगेचं तेल घातलं तर कातडी भाजल्यासारखी होईल, आणि कातडीला सोसेल इतकं घातलं तर जंतू थांबणार नाहीत. शिवाय तेलं तेलाच्या भागात जाऊन बसतात आणि जंतू असतात पाण्यात. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क 'नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह' म्हणून महाग विकला जातो. बाजारातले असे अर्क तपासले गेले तेव्हा त्यांतला जंतुनाशक गुण बऱ्याचदा बेंझेथोनियम क्लोराइडसारख्या मिसळलेल्या कृत्रिम रसायनाचा निघाला. म्हणजे घालणारी बाई प्रामाणिकपणे 'नैसर्गिक' लिहिते, आणि बाटलीत भलतंच असतं.

फ्रिज? फ्रिजमध्ये वाढ मंदावते, थांबत नाही. वीज गेली की तीही शाश्वती उरत नाही. स्वतःपुरतं, वाटीभर, आठवड्यात संपवायचं असेल तर ठीक. विकायच्या वस्तूला फ्रिजचा आधार चालत नाही.

मग घालायचं काय

नवशिक्या गटाने फिनॉक्सीइथेनॉल आणि इथिलहेक्झिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण घ्यावं. साधारण 90 भाग आणि 10 भाग असं ते मिळतं. लोशनच्या एकूण वजनाच्या 1 टक्का घालायचं. युरोपच्या नियमांत फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा 1 टक्का आहे, आणि 90-10 चं मिश्रण 1 टक्का घातलं तर ते 0.9 टक्के बसतं. त्याची खरी सोय अशी की पीएच 4 असो वा 7, ते काम करतं. जिवाणूंवर ते जोरकस आहे, बुरशीवर थोडं कमी. इथिलहेक्झिलग्लिसरीन ती उणीव बरीच भरून काढतं.

दुसरा पर्याय खाद्यपदार्थांतला ओळखीचा: सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट. स्वस्त, सहज मिळणारा, आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा. हे क्षार स्वतः काही करत नाहीत. आम्लात त्यांचं बेंझोइक आणि सॉर्बिक आम्ल होतं आणि ते आम्ल जंतूच्या पेशीत शिरतं. किती भाग आम्लाच्या रूपात राहील हे पीएचवर ठरतं. बेंझोएटचं पाहा: पीएच 4.2 ला निम्मा भाग कामाचा असतो, 5 ला जेमतेम 14 टक्के, 6 ला दीड टक्का. सॉर्बेट जरा बरं, 5 ला 36 टक्के, पण 6 ला तेही 5 टक्क्यांवर येतं. लोशनचा पीएच 6.5 असेल तर त्यात बेंझोएट घातलं काय आणि न घातलं काय, फरक पडत नाही. ही जोडी वापरायची असेल तर पीएच 4.5 ते 5 च्या मध्ये आणलाच पाहिजे, आणि तो आणायचा सायट्रिक ॲसिडच्या 10 टक्के द्रावणाने, थेंबाथेंबाने. लिंबू पिळू नये. प्रत्येक लिंबाची आंबट ताकद वेगळी, शिवाय लिंबातले काही घटक उन्हात कातडीवर डाग पाडतात, आणि आपलं ऊन साधं नसतं.

पॅराबेन या प्रिझर्वेटिव्हच्या गटाबद्दल दोन शब्द, कारण त्यांची भीती फार पसरली आहे. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले. त्यांच्यामुळे गाठी झाल्या असं त्या अभ्यासाने सिद्ध केलं नव्हतं, पण बातमी तशीच फिरली. युरोपने आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल अशा काही पॅराबेनांवर 2014 मध्ये बंदी घातली. मिथिल आणि इथिल पॅराबेन प्रत्येकी 0.4 टक्क्यापर्यंत आजही तिथे मान्य आहेत. ॲलर्जीच्या बाबतीत तर पॅराबेन इतके सौम्य आहेत की अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये त्यांना वर्षाचा 'ॲलर्जी न करणारा' घटक ठरवलं. याच्या उलट मिथिलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह. पॅराबेनच्या भीतीने कंपन्या त्याच्याकडे वळल्या, लोकांच्या अंगावर पुरळ उठू लागलं, आणि युरोपने अंगावर राहणाऱ्या लोशन-क्रीममध्ये त्याला मनाई केली. पुरवठादार 'पॅराबेन-फ्री प्रिझर्वेटिव्ह' म्हणून काही देत असेल तर आत काय आहे ते नावानिशी विचारा. नाव सांगत नसेल तर घेऊ नका.

500 ग्रॅमचा एक घाणा

डिस्टिल्ड वॉटर 375.5 ग्रॅम, ग्लिसरीन 20, डायसोडियम ईडीटीए 0.5. हा पाण्याचा भाग. करडईचं तेल 60 ग्रॅम, इमल्सिफायिंग वॅक्स 30, घट्टपणासाठी सिटाइल अल्कोहोल 7.5. हा तेलाचा भाग. मागाहून घालायचं व्हिटॅमिन ई 1.5 ग्रॅम आणि फिनॉक्सीइथेनॉलचं मिश्रण 5 ग्रॅम. बेरीज बरोबर 500. तेल लाकडी घाण्याचं असेल तर ते आधी दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचं निवळ तेवढंच गाळून घ्यावं. तळच्या गाळात ओलावा आणि पेंडीचे कण असतात.

सगळं वजनाने मोजायचं, चमच्याने किंवा थेंबाने नाही. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. 5 ग्रॅम मोजताना तो 4 ही असू शकतो आणि 6 ही. चार असले तर प्रिझर्वेटिव्ह कमी पडू शकतं, सहा असले तर मर्यादा ओलांडली. सोनाराच्या काट्यासारखा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा काही शेकड्यांत मिळतो. या कामातली पहिली खरेदी तीच असावी.

भांडी, ब्लेंडरचं पातं, चमचे आणि बाटल्या साबणाने धुऊन, कोरड्या करून, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने फवारायच्या आणि हवेत सुकू द्यायच्या, फडक्याने पुसायच्या नाहीत. 99 टक्क्यांचं अल्कोहोल जास्त भारी असेल असं वाटतं, पण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, म्हणून 70 टक्केच.

दोन्ही भाग वेगवेगळ्या स्टीलच्या भांड्यांत, पाण्याच्या भांड्यात ठेवून 75 अंशांपर्यंत तापवायचे आणि 20 मिनिटं त्याच तापमानाला ठेवायचे. पाण्याचं भांडं आधी आणि नंतर तोलावं. जेवढी वाफ गेली तेवढं गरम डिस्टिल्ड वॉटर परत घालावं, नाहीतर पुढचे सगळे टक्के चुकतात. मग तेल पाण्यात ओतत हँड ब्लेंडर चालवायचा, एकेक मिनिटाने थांबत. पातं पृष्ठभागाच्या खाली ठेवावं, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात.

आता निववणं, आणि इथे आपल्या हवेचा संबंध येतो. प्रिझर्वेटिव्ह आणि व्हिटॅमिन ई 40 अंशांच्या खाली आल्यावर घालायचं. मे महिन्यात लातूर-परभणीकडे खोलीचंच तापमान 40 च्या पुढे असतं, लोशन तासन् तास 45 वर अडून बसतं, आणि घाई करून गरमातच सगळं घातलं जातं. भांडं परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवावं, परातीतलं पाणी आत उडणार नाही अशा बेताने. वर झाकण ठेवलं असेल तर झाकणाला आतून जमलेलं पाणी निपटून टाकावं, लोशनमध्ये पडू देऊ नये. वाफेचं ते पाणी निव्वळ पाणी असतं, त्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं. गरम लोशन बाटलीत भरून झाकण लावलं की नेमकं हेच घडतं: झाकणाखाली थेंब जमतो, तो लोशनवर पडतो, तेवढ्या जागी प्रिझर्वेटिव्ह विरळ होतं आणि बुरशीचा पहिला ठिपका तिथेच येतो. झाकणाखाली बुरशी आली की गट प्रिझर्वेटिव्हला दोष देतात. चूक बहुतेक वेळा भरण्याच्या घाईची असते.

प्रिझर्वेटिव्ह घातल्यावर पाच मिनिटं सावकाश ढवळायचं, बाजू आणि तळ खरवडत. मग एक ग्रॅम लोशन नऊ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून पीएच पट्टी बुडवायची. लाल-निळा लिटमस कागद इथे निरुपयोगी, 4 ते 7 च्या मध्ये अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने दाखवणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात. 5 ते 5.5 आला तर उत्तम. महिन्याने पुन्हा मोजावा. पीएच सरकला असेल तर आत काहीतरी चाललं आहे.

बाटली पंपाची किंवा फ्लिप टोपीची घ्यावी. रुंद तोंडाच्या बरणीत रोज बोटं जातात आणि प्रिझर्वेटिव्हवरचा भार वाढतो. 'जुनी बाटली आणा, दहा रुपये कमी' ही योजना पर्यावरणाला बरी वाटते, लोशनला नाही. पंपाच्या नळीत अडकलेलं जुनं लोशन घरी धुऊन पूर्ण निघत नाही.

ज्यांना प्रिझर्वेटिव्ह नकोच आहे त्यांच्यासाठी प्रामाणिक मार्ग आहे: पाणी काढून टाका, बाम करा. तेल 60 भाग, कोकम बटर 20, मधमाशांचं मेण 20. मेण 62 अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून एवढं मेण असलेला बाम आपल्या उन्हाळ्यात थोडा मऊ पडतो पण वाहत नाही. फक्त ओल्या हाताने वापरू नका असं वर लिहा. न्हाणीघरात वापरायचा साखरेचा किंवा मिठाचा स्क्रब मात्र या सवलतीत बसत नाही. तो बनवताना कोरडा असला तरी पहिल्या अंघोळीला त्यात पाणी जातं.

लेबल फॉर्म्युल्याच्या कागदावरून लिहायचं

भारतात विक्रीच्या सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात. घटकांच्या यादीचा नियम सोपा आहे. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, त्यानंतर 1 टक्का किंवा कमी असलेले कोणत्याही क्रमाने. 60 मिलीहून लहान द्रव पॅकला किंवा 30 ग्रॅमहून लहान घट्ट पॅकला यादीची सक्ती नाही. पण 50 मिलीच्या बाटलीवरही ती छापावी असं आमचं ठाम मत आहे, कारण ॲलर्जी असलेल्या माणसाला बाटलीचा आकार उपयोगाचा नाही, नाव उपयोगाचं आहे.

वरच्या घाण्याचंच लेबल करून पाहू. 'इमल्सिफायिंग वॅक्स' हा एक घटक नाही, ते मिश्रण आहे. समजा पुरवठादाराच्या कागदावर त्यात सिटिअरिल अल्कोहोल 80 टक्के आणि पॉलिसॉर्बेट 60 हे 20 टक्के आहे. मग आपल्या लोशनमध्ये 6 टक्के वॅक्स म्हणजे 4.8 टक्के पहिलं आणि 1.2 टक्के दुसरं. प्रिझर्वेटिव्हचेही दोन तुकडे: 0.9 आणि 0.1. आता यादी अशी होते: ॲक्वा, कार्थॅमस टिंक्टोरियस सीड ऑइल, सिटिअरिल अल्कोहोल, ग्लिसरीन, सिटाइल अल्कोहोल, पॉलिसॉर्बेट 60, फिनॉक्सीइथेनॉल, टोकोफेरॉल, इथिलहेक्झिलग्लिसरीन, डायसोडियम ईडीटीए. ॲक्वा म्हणजे पाणी, कार्थॅमस टिंक्टोरियस म्हणजे आपली करडईच, टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई. ही आंतरराष्ट्रीय नावं छापावीत आणि शेजारी मराठीत 'करडई तेल' असंही लिहावं, म्हणजे डॉक्टरलाही कळतं आणि गिऱ्हाइकालाही.

बाजारातून आणलेला कोरफडीचा जेल घातला असेल तर त्याच्यासोबत त्याचं प्रिझर्वेटिव्हही आलं. गुलाबपाण्याचंही तसंच. बाटलीमागची यादी वाचून ते आपल्या यादीत उतरवावं लागतं, आणि अशा लोशनवर 'प्रिझर्वेटिव्ह-फ्री' लिहिता येत नाही, आपण स्वतः काही घातलं नसलं तरी. सुगंधी तेलं घातली तर लिनालूल, लिमोनीन अशी ॲलर्जी देऊ शकणारी नावंही द्यावीत. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल असेल तर ते ठळक असू द्यावं. 'केमिकलमुक्त' हा शब्द तर काढूनच टाकावा, कारण पाणीही रसायनच आहे आणि त्या शब्दातून गिऱ्हाइकाला काहीच माहिती मिळत नाही.

यादीशिवाय लागतं ते: वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, किती तारखेपर्यंत वापरायचं, गरज असेल तिथे इशारा. वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे किंमत आणि तक्रारीसाठी संपर्कही. 'इसब बरा होतो', 'नायटा जातो' असं काही लिहिलं की ती वस्तू सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरते, आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

परवाना आणि तपासणी

घरच्यांसाठी बनवायला परवाना लागत नाही. विकायला लागतो, स्टॉलवर विकायलाही. तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. उद्यम नोंदणी, शॉप ॲक्ट किंवा पापड-लोणच्यासाठी घेतलेला एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) क्रमांक लोशनसाठी चालत नाही, ही गल्लत गटांमध्ये फार दिसते. जागा आणि यंत्रांची अट जड वाटत असेल तर लोन लायसन्सचा मार्ग आहे: परवानाधारक कारखान्यात आपल्या फॉर्म्युल्याने माल बनवून घ्यायचा आणि स्वतःच्या नावाने विकायचा. कोणता घटक चालतो, किती चालतो, याच्या याद्या भारतीय मानक आयएस 4707 च्या भाग 2 मध्ये आहेत. प्रिझर्वेटिव्ह ठरवण्याआधी तो पाहावा.

फॉर्म्युला पक्का झाला की एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दोन तपासण्या कराव्यात. एक, जंतूंची मोजणी. दुसरी चॅलेंज टेस्ट, ज्यात लोशनमध्ये मुद्दाम ठरावीक जंतू सोडून 28 दिवस ते किती कमी होतात हे मोजतात. पहिली आजचा माल स्वच्छ आहे का एवढंच सांगते, दुसरी प्रिझर्वेटिव्ह खरंच काम करतं का ते सांगते. ही महाग आहे, पण फॉर्म्युल्याला एकदाच करावी लागते. मात्र तेल बदललं, कोरफड वाढवली, हळद घातली, तर तो नवा फॉर्म्युला आणि नवी तपासणी. चॅलेंज टेस्ट झाली नसेल तोवर बाटलीवर तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत छापू नये.

प्रत्येक घाण्याची वहीत नोंद असावी: तारीख, प्रत्येक घटकाचं वजन आणि त्याच्या पुरवठादाराचा बॅच क्रमांक, तापमान, पीएच, किती बाटल्या भरल्या, कुठल्या बाजाराला गेल्या. प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या विकायच्या नाहीत. एक थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवायची, दुसरी जिथे माल ठेवता त्याच पत्र्याच्या खोलीत, मुदत संपेपर्यंत. तक्रार आली तर आधी या दोन बाटल्या उघडायच्या. दोन्ही ठीक असतील तर बिघाड बहुधा गिऱ्हाइकाच्या घरी झाला, फक्त पत्र्याखालची फाटली असेल तर तेल-पाण्याचं मिश्रण उष्णतेला टिकत नाही म्हणून सिटाइल अल्कोहोल किंवा वॅक्स वाढवून पाहायचं, आणि दोन्हींना वास येत असेल तर त्या बॅच क्रमांकाच्या सगळ्या बाटल्या त्याच दिवशी परत मागवायच्या.